पहिला श्वास कुणाचा

४ मार्च
आमचे भागीदार टायशेट (उन्हाळ्यातही टाय सुटत नाही, म्हणून टायशेट) आज परत टेबलावर हात आपटून गेले. "नाव द्या, नाव! नव्या यंत्राचं पत्रक छापायचंय!" त्यांना 'थेम्बा' हवंय – झुलूत आशा. ऐकायला छान आहे. पण वर्कशॉपचा कायदा दादाचा. यंत्र पहिल्यांदा जो वापरेल, तोच नाव ठेवणार, आणि तेही दादाने आफ्रिकेतल्या नोकरीतून आणलेल्या शब्दांतून. चुलीचं नाव खानावळवाल्या बाईंनी ठेवलं – मोटो, स्वाहिलीत आग. पंपाचं माळीबुवांनी – रुवा, हौसा भाषेत पाणी.

श्वासाच्या यंत्राचं नाव दादाच ठेवणार. दुसरं कोण? वेल्डिंगच्या धुराने त्याच्या फुफ्फुसांची पार चाळण झालीय.

७ मार्च
हॉस्पिटल. दोन शब्द बोलला की धाप लागते, तरी तगादा चालूच – "झडप बसली का? आण लवकर, चिमे." चाळिशीतल्या बहिणीला चिमे!

शेजारच्या खाटेवर बेकरीवाली. छातीत पीठ जाऊन जाऊन तिचीही तीच गत, पण जीभ कात्रीसारखी! दादा तिला शब्द शिकवतो, ती त्याचीच फिरकी घेते. "मास्तर व्हायचे, चुकून लोहार झाले!" किती दिवसांनी हसले मी.

१० मार्च
झडप गळतेय. डोकं फोडून घ्यावंसं वाटतं.

१३ मार्च
बसली! पाण्यात धरली, एक बुडबुडा नाही. यंत्र एकच आहे, पण चालतंय. सकाळी नेते. दादा, एवढी रात्र काढ रे.

१४ मार्च
तिला लावलं. तिला!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांचीही रात्र वाईट गेली. यंत्र हिला लावायचं ठरलंय." मी ओरडले – "हे त्याचं आहे! त्याने केलंय!" दादाकडे वळले. बोल ना रे काहीतरी! त्याने डोळे मिटून घेतले. बोलायचं त्राण कुठलं?

आणि नळी जोडायला मीच. दुसऱ्या कुणाला येते? त्याच्या खाटेला वळसा घालून यंत्र ढकलत नेलं. तिच्या तोंडाकडे न बघता नळी जोडली.

१५ मार्च
पहाटे दादा गेला.

१९ मार्च
टायशेट दारात, मान खाली. आज टाय नव्हता. "आता तुम्हीच ठेवा नाव." म्हटलं, आग लागो त्या नावाला. मला ते यंत्र डोळ्यांसमोर नको.

२३ मार्च
यंत्र आणायला जावंच लागलं. बेकरीवाली उठून बसली होती, नळीशिवाय. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते. तिनेच हात धरला.

"नाव – केशो."

केशो म्हणजे उद्या. म्हटलं, तुला कुणी सुचवलं?

"दादांनीच. तुम्ही तिकडे झडपेशी झगडत होतात ना, तेव्हाच. डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं त्यांनी – माझं आता काही खरं नाही, यंत्र हिला लावा." मग खाली बघत म्हणाली, "मला म्हणाले, चिमीला आत्ता सांगू नकोस. तिचा हात थांबेल."

थांबलाच असता.