छतावरचा गोल डाग

नाशिक, मंगळवार संध्याकाळ

वर्गाच्या छतावरच्या ओलीच्या गोल डागाची त्रिज्या दर आठवड्याला दहा सेंटिमीटरने वाढतेय, म्हणून कंपोझिट फंक्शन, म्हणजे एका सूत्रात दुसरं सूत्र बसवणं, शिकवायला आज तोच डाग घेतला. आधी वेळेवरून त्रिज्या, मग त्रिज्येवरून क्षेत्रफळ. सायखेड्याहून येणाऱ्या शबानाने फळ्यावर दोन्ही जोडून दाखवलं. तेवढ्यात प्राचार्य आले. वर बघून म्हणाले, "दहाचा चाळीस झालाय. चौपट म्हणजे काही फार नाही."

"नाही सर, क्षेत्रफळ सोळापट," शबाना म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, उद्या तपासणी आहे. पुसा ते फळ्यावरचं."

उत्तर बरोबर असेल तर घाबरू नका, असं रोज पोरांना सांगणारी मीच ना? डस्टर मीच फिरवला. डाग तसाच.

शबाना जागेवर जाऊन बसली आणि वहीतलं उत्तरही खोडू लागली.