अण्णांएवढं वजन

२५ जाने., रवि. काष्टी

गाडी घासली. मागचं डावं चाक.

काल नगरहून येताना मी आणि बायको सुवर्णा, काही आवाज नाही. आज आई-अण्णांना घेऊन श्रीगोंद्याला लग्नाला निघालो, सु. घरीच थांबली. कालव्याच्या पुलावरून उतरताना मागून खर्रर्र. आई पुढे बसते, मागे तिला मळमळतं. अण्णा मागे डावीकडे, गुडघा लांब करता येतो म्हणून. वाटेत अजून दोन उंचवटे. दोन्हीकडे खर्रर्र.

मांडवातून निघताना अण्णा म्हणाले, "तुमी व्हा फुडं. मी यष्टीनं येतो. गाडीला माजा तरास हुतोय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी गाडीकडे.

डिसेंबरात दोन इंच खाली बसवून घेतली. चौदाची चाकं काढून सोळाची टाकली. कंपनीतले म्हणतात रुबाबदार दिसते. मलाही वाटतं. अजून वाटतं, हे लिहून ठेवतो.

अण्णा एसटीनं आले. दीड तास उशिरा.

संध्या. – २२ फेब्रु. ला पाथर्डीला आत्याची वास्तुशांत. अण्णांची एकुलती एक बहीण. ते तिकडेही एसटीनंच जाणार म्हणे. नगरला गाडी बदलायची, आणि तो गुडघा. म्हणजे २२च्या आत हा आवाज बंद झाला पाहिजे. ते गाडीत बसले पाहिजेत. बाकी काही नाही.

२७ जाने., मंगळ. नगर

ड्युटीनंतर सलीमभाईंकडे. डेंटिंगचं दुकान, पण चाकांचं सगळं कळतं. आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग चाकावर हात ठेवून म्हणाले, "कोणी केलं हे?"

पुण्यात, म्हटलं.

"मग बरोबर." एवढंच. यापुढे माझी अब्रू काढली नाही, उपकार.

"घासते कधी?"

"अण्णा मागे बसले की."

"मग अण्णांना आणा."

ते येत नाहीत म्हणून तर आलोय. सलीमभाई म्हणाले, मग त्यांच्याएवढं वजन आणा.

अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद माझ्याकडेच आहे. त्यावर वजन ८२. दोन वर्षांपूर्वीचं, पण या वयात माणूस काय वाढणार आहे.

२८ जाने., बुध.

कंपनीतून दोन गोण्यांत वाळू. डिस्पॅचच्या काट्यावर मोजून ८२.०. दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजतो, माझं तरी चोख पाहिजे.

गोण्या मागच्या सीटवर डावीकडे. सलीमभाई पुढे, ते साधारण आईएवढेच. टायरच्या कडेला खडू फासला. दुकानामागच्या गतिरोधकावरून नेली. खर्रर्र. अगदी तोच आवाज. उतरून पाहिलं, वरच्या बाजूचा खडू पुसलेला. मडगार्डची आतली कड टायरला लागते.

आवाज मिळाला याचा आनंद झाला. घासण्याचा आनंद होणारा मी पहिलाच असेन.

३० जाने., शुक्र.

चाकांमागे स्पेसर होते, चाक बाहेर दिसावं म्हणून टाकलेले. काढले. चाक अर्धा बोट आत गेलं. दिसायला थोडी पडली गाडी. ८२वर अजून घासते, कमी.

सलीमभाई: "दोन रस्ते. टायर बारीक घ्या, नाहीतर स्प्रिंग परत जुनी टाका."

तिसरा?

"कड आत दुमडतो. रंग तडकला तर मला बोलायचं नाही."

१ फेब्रु., रवि.

कड दुमडली. आधी गरम हवेच्या बंदुकीनं रंग मऊ केला, मग लोखंडी रोलर हळूहळू दाबत नेला. तीन तास. सलीमभाई काम करताना बोलत नाहीत, इतरांनाही बोलू देत नाहीत. शेवटी रंगाला केसाएवढी चीर गेली. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, दिसत नाही. दिसते.

८२ ठेवून चाचणी. साध्या खड्ड्यांत आवाज नाही. मोठ्या उंचवट्यावर वेगात नेली की अजून एक बारीकसा घासा. खडू दोन बोटं पुसला जातो.

"एवढं राहणार," म्हणाले. "हळू चालवा."

७ फेब्रु., शनि. काष्टी

आज बाजार. आईनं अण्णांना बळंच गाडीत बसवलं: "पोरानं एवढं करून घेतलंय, बसा की." बसले. गुडघा लांब केला. बाजारात जाऊन आलो, मग मुद्दाम कालव्याच्या पुलापर्यंत.

पुलावरून हळू. काही नाही. वळून परत, थोडी वेगात. काही नाही. तिसऱ्यांदा अजून वेगात. आई म्हणाली, काय चाललंय तुझं.

घासत नाही.

अण्णा म्हणाले, "झाली की रं दुरुस्त." मग म्हणाले, पाथर्डीला येईन या गाडीतून.

आज बरं वाटलं. सरळ लिहितो, फार बरं वाटलं. घरी येऊन सु.ला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, कळलं.

जेवताना अण्णांनी भाकरी अर्धीच खाल्ली. आई म्हणाली, हल्ली असंच. बाजारात भजी खाल्ली असतील.

८ फेब्रु., रवि.

भजी खाल्ली नव्हती. बाजारात पूर्णवेळ मी बरोबर होतो.

आणि दुसरं. वाळूच्या ८२ला घासते. अण्णांना घासत नाही. सीट तीच, वेग तोच, उलट कालव्याचा पूल सलीमभाईंच्या गतिरोधकापेक्षा वाईट. एकच पार्ट, दोन रीडिंग. आमच्याकडे असं झालं की आधी मोजणाऱ्याला धरतात.

टायरमधली हवा पाहिली. तेवढीच.

१० फेब्रु., मंगळ. नगर

सलीमभाईंना सांगितलं. वाळू परत ठेवून गाडी नेली. घासली, दोन बोटं खडू गेला. त्यांनी हात पुसले.

"गोण्या तुम्ही मोजल्या?"

हो.

"आणि अण्णा?"

कागद, म्हटलं. दोन वर्षांपूर्वीचा.

"अण्णांना एकदा काट्यावर उभं करा, भाऊ." मग दुसऱ्या गाडीकडे गेले.

मी दुकानात उभा राहिलो थोडा वेळ. तिथे दुसरं काही काम नव्हतं माझं.

१४ फेब्रु., शनि. काष्टी

सकाळी अण्णांना म्हटलं, किराणा दुकानात काटा आहे, चला जरा. कशाला, म्हणाले. वजन बघू. गाडीसाठी.

"मानूस काट्यावर चढत न्हाई."

हे जुनं आहे. अण्णा उभा जन्म बाजार समितीत मापाडी होते. कांदा, ज्वारी, मका, सगळ्या तालुक्याचा माल त्यांच्या हाताखालून गेला. त्यांच्यातल्या जुन्या लोकांचा नेम: काट्यावर माल चढतो, माणूस नाही. आम्ही लहानपणी पारड्यात बसून झोका घ्यायचो तर कानाखाली बसायची. मोतीबिंदूच्या वेळी नर्सनं उभं केलं ते म्हणे फसवून. नंतर दोन दिवस तिच्या नावानं बोलत होते.

म्हटलं, अण्णा, गाडीचं सोडा. तुम्ही जेवत नाही नीट.

"वय झालं. आता काय कुस्त्या खेळायच्यात का."

डॉक्टरकडे जाऊ.

"हा वाद वास्तुशांतीपर्यंत नगं." उठून मागे कांद्याच्या चाळीकडे गेले. मी चिडलो. गाडी धुतली. धुतलेलीच होती.

तासाभरानं हाक आली. चाळीपाशी दोन गोण्या भरून उभ्या, तोंडं शिवलेली. रांगडा कांदा. अण्णा घामानं डबडबलेले, सुतळीचं टोक दातानं तोडत होते.

"ह्या घिऊन जा नगरला. वाळू काढ अन् ह्या ठिव माज्या जागंवर. मंग बघ घासती का."

किती आहे?

"माज्याएवढं हाय."

काट्याशिवाय?

माझ्याकडे नुसतं पाहिलं. यार्डात पैजा लागायच्या. अण्णा गोणी गुडघ्यापर्यंत उचलून आकडा सांगायचे, मग काट्यावर टाकायची. अर्ध्या किलोच्या पुढे चुकलेले मी पाहिले नाहीत. आलेल्या पाहुण्याचं वजनसुद्धा नुसतं बघून सांगायचे, आई शरमायची.

गोण्या गाडीत मीच टाकल्या. ते हात लावायला आले तर नको म्हटलं. ऐकलं. हे विशेष.

१६ फेब्रु., सोम. नगर

कंपनी. डिस्पॅचचा काटा. दोन्ही गोण्या मिळून ६६.४.

उतरवल्या. शून्य केला. परत, ६६.४. वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवून पाहिलं, २०.०. काटा बरोबर. तिसऱ्यांदा ६६.४.

डिस्पॅचचा माणूस म्हणाला, कांदा घरचा का? हो म्हटलं. चांगला दिसतोय म्हणाला.

८२ वजा ६६.४ म्हणजे १५.६. आकडा लिहिला, आता त्याचं काय करायचं कळत नाही.

संध्याकाळी सलीमभाईंकडे गेलो. गोण्या मागे डावीकडे, खडू फासला, वेगात नेली. आवाज नाही. खडू जसाच्या तसा. त्यांनी गोण्यांच्या तोंडाची शिवण पाहिली. कामाचे पैसे घेईनात. मी दिले. गोण्या घरी आणून बाल्कनीत ठेवल्या.

कड दुमडून गाडी दुरुस्त झालीच नव्हती. ८२ला ती अजून घासतेच. त्यांचंच वजन उतरलंय. आणि त्यांना माहीत आहे. नुसतं उतरलंय हे नाही, किती उतरलंय तेही किलोवर माहीत आहे. तोंडानं सांगवेना म्हणून भरून दिलं.

भीती वाटली. दुसरा शब्द नाही.

१७ फेब्रु., मंगळ.

सु.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आईंना माहीत आहे का? माहीत नाही. म्हणाली, फोन कर, पण अण्णांनाच कर.

दुपारच्या सुट्टीत केला.

"पोचला का कांदा?"

"पोचला."

"मोजला आसशील."

"मोजला."

"किती भरला?"

सहासष्ट, म्हटलं. चारशे ग्रॅम खाऊन टाकले. का, माहीत नाही.

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. आवाजात थोडा अभिमान. स्वतःच्या हाताचा.

"कधीपासून?" मी.

"दिवाळीपासनं. पायजम्याची नाडी सांगती की." मग: "तुज्या आईला म्हनू नगं. आदी भैनीचं घर बघतो. मंग तुजा डागदर."

नक्की?

"म्हनलो ना."

सोमवारी २३ला सकाळी दहाची वेळ घेतली. फोनवरच्या बाईनं विचारलं, पेशंटचं वजन? सांगितलं.

२० फेब्रु., शुक्र.

गाडी वर उचलून घ्यावी का, यावर विचार. जुन्या स्प्रिंग पुण्याच्या माणसाकडेच राहिल्या. सलीमभाई म्हणतात दुसऱ्या मिळतील, पुढच्या आठवड्यात बघू. उचलली तर ८२लाही घासणार नाही.

हो म्हटलं. बघून ठेवा.

२२ फेब्रु., रवि. नगर

काल रात्री मुक्काम काष्टीला. पहाटे निघालो. आई पुढे, अण्णा मागे डावीकडे, सु. त्यांच्या शेजारी, उजव्या दारापाशी. अण्णांनी नवा सदरा घातला होता, खांद्यावरून उतरत होता. आईनं सांगितलं, शिंप्यानं माप चुकवलं. अण्णा म्हणाले, शिंप्यानंच.

कालव्याच्या पुलावर ब्रेक दाबला नाही. सु. आहे, एक माणूस जास्तीचा, लागेल थोडं असं वाटलं होतं. कान मागे. काही नाही.

"न्हाई घासली," अण्णा म्हणाले. "कारागीर चांगला हाय तुजा."

हो म्हटलं.

पुढच्या गतिरोधकावरही दाबला नाही. आई ओरडली. आरशात अण्णा माझ्याकडेच पाहत होते, मी नजर रस्त्यावर आणली. मला तो आवाज हवा होता.

आत्याचं घर छान. दोन खोल्या, पुढे ओटा. अण्णा प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीला हात लावून आले. आत्या म्हणाली, दादा, वाळलास रे. ते म्हणाले, ऊन लई हाय तुज्याकडं. जेवताना तिनं पोळीवर पोळी वाढली, त्यांनी हळूच दोन माझ्या पानात सरकवल्या. मी खाल्ल्या.

येताना नगरला उतरवून घेतलं. आईला सांगितलंय गुडघा दाखवायचाय. आता दोघं आत पडलेत, प्रवासानं दमले.

उद्या दहाला.

सु.नं स्वयंपाकघरातून विचारलं, बाल्कनीतल्या गोणीतले चार कांदे काढू का, घरातले संपले.

नको म्हटलं. खाली जाऊन दुकानातून आणले.