सातव्या गाण्यातली चूक

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. आज जरा जास्तच वाकून, कारण सल्ला हवा आहे.

माझा अल्बम येऊन तीन आठवडे झाले आणि ऐकणाऱ्यांचे सरळ दोन तट पडलेत. भांडण सातव्या गाण्यावरून. दुसऱ्या कडव्यात पियानोवर माझं बोट घसरलं, मी थांबले आणि पहिल्यापासून सुरुवात केली, ते सगळं तसंच ठेवलंय ना, त्यावरून. एकाने विचारलंय की सराव ऐकवून पैसे घेण्याला काय म्हणतात. एकीने लिहिलंय की ती जागा ऐकून ती हातातलं काम टाकून खाली बसली. नाराज झालेल्या एकेचाळीस जणांना मी माफीची पत्रं लिहिली. ज्यांना आवडलं त्यांना अजून एकही नाही.

तुझ्याकडे शिकताना नियमच होता, चुकलं की पहिल्यापासून, आणि चूक झाकायची नाही. रेकॉर्डिंगवाले तर दोन मिनिटांत जोडून देत होते. मीच नको म्हटलं. दुसऱ्यांदा घेताना हात आपोआप सावकाश झाला आणि गाण्याला त्याची चाल तिथेच सापडली. आता कंपनीचे साहेब म्हणतात, पुढच्या आवृत्तीत ती जागा कापू. वीस तारखेच्या कार्यक्रमात लोकांचा रंग बघून ते ठरवणार.

खरी धास्ती वेगळीच आहे. त्या दिवशी मी चुकले नाही तर? अर्धं सभागृह चुकीचीच वाट बघत बसलेलं असेल. मुद्दाम चुकायचं का?

लोभ आहेच. सध्या बाहेर तुटवडा आहे, तेव्हा थोडा वाढवून पाठव.

तुझी भाची

९ मार्च

चि. शंकेखोर भाचीस,
अनेक आशीर्वाद आणि एक हलकी चापट.

पत्र आलं तेव्हा मी एका शाळेच्या पियानोच्या पोटात डोकं घालून तारा पिळत होते. सूर लावणाऱ्या बाईला मध्येच उठवू नये, पण तुझा शेवटचा प्रश्न वाचून उठले.

आधी वाईट बातमी. मला ती जागा आवडत नाही. तो नियम सरावाच्या खोलीतला होता. पाहुणे आले की आपण अंथरूण गुंडाळतोच ना? तुझे आतोबा मात्र तेवढीच जागा पुन्हा पुन्हा लावून ऐकतात, आणि परवापासून आमच्यात चहापुरतंच बोलणं आहे. म्हणजे तुझे दोन तट या घरातही आहेत. मला माफीचं पत्र पाठवलंस तर न उघडता परत करीन. मत माझं, त्याचं ओझं तू कशाला वाहतेस?

मुद्दाम चुकायचं मात्र मनातही आणू नकोस. ठरवून केलेली चूक म्हणजे लबाडी, मग टाळ्या कितीही पडोत. हात नेतील तसं वाजव. घसरलं तर घसरलं.

वेळेवर जेव. लोभ मागितलास तेवढा वाढवला आहे.

तुझी आत्या

२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. घाईघाईने लिहितेय, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

काल माणसं मागे भिंतीला टेकून उभी होती. सातवं गाणं सुरू झालं तशी कुजबुज थांबली. दुसरं कडवं आलं आणि सगळ्यांनी श्वास रोखला, ते मला पियानोपाशी कळलं. बोट घसरलं नाही. मी त्याच सावकाश चालीत शेवटपर्यंत गेले. शेवटचा सूर सोडून हात मांडीवर घेतले. मला वाटलं, झालं, दोन्ही तट हातचे गेले. आणि आत्या, सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या इतक्या चालल्या की मी उठले, बसले, पुन्हा उठले.

आत गेल्यावर साहेब म्हणाले, आजचं बिनचूक वाजवणं रेकॉर्ड झालंय, तेच पुढच्या आवृत्तीत घालू, म्हणजे सगळेच खूश. मी त्यांच्या शिपायालाही कधी नाही म्हटलेलं नाही. पण काल म्हटलं. त्या दिवशी चुकले हे खरं आणि आज चुकले नाही हेही खरं, एकाने दुसऱ्याला खोडायचं नाही, अल्बम आहे तसाच राहील. साहेबांनी दार किलकिलं करून पाहिलं. सहीसाठी रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि रांगेतल्या रांगेत दोन्ही तटांचं कचाकचा भांडण चाललं होतं. ते म्हणाले, राहू दे तसंच, आणि तिथल्या तिथे दुप्पट प्रती काढायला सांगितल्या.

रांगेत जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. ती जागा आपल्याला अजूनही साफ नापसंत आहे, असं त्यांनी मला बजावलं आणि अल्बम पुढे केला. माफी अगदी ओठांवर आली होती. ती गिळली आणि मोठ्या अक्षरात सही केली.

मत बदलू नकोस. लोभ मात्र बदलू नये, ही विनंती.

तुझी भाची