यंदाही पत्रावळ्याच

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. कॉलेजातल्या आमच्या मराठी मंडळाची आज मीटिंग झाली. परवा तेलुगू, गोंडी, उर्दू, सगळ्या गटांचे स्टॉल लागणार. ज्यानं त्यानं घरून काहीतरी रांधून न्यायचं. मंडळाच्या सेक्रेटरीनं, वैष्णवीनं, यादी वाचली. कुणाकडे पुरणपोळी, कुणाकडे झुणका, कुणाकडे ठेचा. माझ्या नावापुढे पत्रावळ्या. गेल्या वर्षीही पत्रावळ्याच होत्या.

मी विचारलं, "मले काऊन रांधायले नाही सांगितलं?"

"तू भीमपूरहून येतं ना, इतक्या दुरून कायले तरास?" ती गोड हसून म्हणाली.

झुणका आणणारी माझ्याच गावची, माझ्याच बसनं येते. तिला दूर पडत नाही? तेलुगू पोरांपुढे आम्ही सगळे मराठी, आणि पातेल्यापाशी मी एकटी बौद्ध! आणि मी काय म्हटलं? "बरं." कशाला म्हटलं?

घरी आले तर आई विचारते, "स्टॉलसाठी वडे करू का? कितीक जणांचे?"

"सगळ्यांचे," मी म्हटलं.

पत्रावळ्या ज्याला लागतील त्यानं आणाव्या. पहिला वडा वैष्णवीच्या हातात ठेवीन, आणि ती खाईपर्यंत तिथून हलणार नाही.