एकाहत्तर तेजोमेघ

१५ नोव्हेंबर, सकाळी सव्वाअकरा

उशिरा उठले. काल रात्रभर खाणीवर होते. शहरापासून पन्नास मिनिटांवर बंद पडलेली दगडखाण आहे, तिथे आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाची पत्र्याची खोली आणि खोलीत मोठी दुर्बीण. माणसे अकरा, खुर्च्या सात, शिस्त शून्य.

माझ्या नोंदी अठ्ठावन्न झाल्या. एकशे दहा तेजोमेघ, दीर्घिका आणि तारकागुच्छांची जी यादी आहे, तिच्यातल्या शंभर वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहून वहीत चित्र काढले की माणूस ‘निरीक्षक’ होतो. निरीक्षकाला पत्र्याच्या खोलीची किल्ली मिळते. सध्या किल्ल्या दोन. एक दंतवैद्याकडे, एक नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हेयरकडे. माझ्याकडे दोन वर्षे मंडळाचा चहाचा थर्मास आहे.

परीक्षा मंडळात एकतीस वर्षे काढली, त्यातली शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. दोन हजार उमेदवारांचा हॉल नुसत्या भुवईवर गप्प बसवत असे. आता अंधारात विचारत फिरते, साखर किती.

निश्चय: मार्चपर्यंत किल्ली. मग थर्मास दंतवैद्याच्या हातात देईन, चार माणसांसमोर. हा दंतवैद्य मला काकू म्हणतो. स्वतः अठ्ठावन्नचा आहे.

१६ नोव्हेंबर

रोज एक गाजर. डोळ्यांसाठी. आजपासून.

१९ नोव्हेंबर

गाजर उद्यापासून.

पालिकेच्या दिवाबत्ती खात्याला पत्र टाकले. रस्त्यावरचे नवे दिवे निकृष्ट आहेत. प्रत्येक दिव्याभोवती परातीएवढे भगभगीत वर्तुळ पडते, प्रकाश सगळा हवेत जातो, आकाश खराब होते. ह्यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, दिवे जुनेच आहेत. ह्यांच्या मताला अर्थ नाही. चाळीस वर्षांत ह्यांनी मान वर केलेली मी एकदाच पाहिली, पंखा बंद पडला तेव्हा.

२७ नोव्हेंबर

सूनबाई येऊन गेली. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे समोर माणूस दिसला की त्याला खालची ओळ वाचायला लावावी असे तिला वाटते. चौथ्यांदा म्हणाली, आई, एकदा येऊन जा. मी सांगितले, जिला अठ्ठावन्न तेजोमेघ दिसतात तिला भिंतीवरची अक्षरे कसली दाखवतेस. तिने विषय बदलला. शहाणी मुलगी आहे.

जाताना माझ्या ब्लाउजचे बटण लावून गेली. सुयांची भोके हल्ली फार लहान करतात. वर्तमानपत्रेही शाई वाचवतात. सगळीकडे ही कंजुषी.

१५ डिसेंबर, पहाटे पाच

झोप येणे शक्य नाही. हात गार, कान गार, मन मात्र...

क्रमाने लिहिते. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्स म्हणत, आनंद झाला तरी वाक्य पूर्ण करावे.

सुरुवात वाईट झाली. शाल घ्यायला गाडीचे दार उघडले आणि आतला दिवा लागला. अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की पुन्हा सरावायला अर्धा तास जातो, म्हणून खाणीवर लाल कागद लावलेल्या बॅटरीखेरीज उजेड चालत नाही. नऊ माणसे एकदम ओरडली. चूक ह्यांची. मला सोडायला येतात आणि मागच्या सीटवर घोरतात. तो दिवा बंद करून झोपायला काय होते?

पण नंतर एकामागून एक बारा नोंदी. एकूण सत्तर. मग सहज म्हणून दुर्बीण कृत्तिकांवर नेली. कृत्तिकांच्या ताऱ्यांभोवती एक अत्यंत फिकट तेजोमेघ आहे. फोटोत सगळ्यांना दिसतो, डोळ्याने कोणाला नाही. दंतवैद्य नऊ हिवाळे शोधतो आहे. मला पहिल्या नजरेत दिसला. एकेका ताऱ्याभोवती ओल्या मलमलीसारखा, अगदी स्पष्ट.

रांग लागली. सात जणांना दिसला नाही. दंतवैद्य म्हणाला, असेल बुवा, आणि पहिल्यांदाच मॅडम म्हणाला. सर्व्हेयरने वेळ, हवा, भिंगाचा क्रमांक लिहून घेतला आणि पुढे छोटे प्रश्नचिन्ह काढले. मी पाहिले. लाल उजेडात मला सगळे दिसते.

एकाहत्तर.

१६ डिसेंबर

किल्लीसाठी रिंग आणली. साधीच, चामड्याची.

२ जानेवारी

नव्या वर्षाचे निश्चय. एक, गाजर. दोन, दंतवैद्याशी सौम्य बोलणे. पराभूताशी माणसाने सौम्यच असावे. तीन, निरीक्षक झाल्यावर खाणीवर नियमावली लावणे. मसुदा तयार आहे, बावीस कलमे. कलम चार: चहा ज्याचा त्याने आणावा.

दिवाबत्ती खात्याचे उत्तर आले. सदर रस्त्यावर गेल्या सहा वर्षांत दिवे बदललेले नाहीत. पाहणीही न करता उत्तर देतात.

१३ जानेवारी, पहाटे साडेतीन

लवकर परत आलो. उद्या लिहीन.

१३ जानेवारी, दुपार

लिहिते.

सर्व्हेयर म्हणाला, कृत्तिकांची नोंद पक्की करायची आहे, मॅडम, आधी ती बघून घ्या. मी पाहिली. तेजोमेघ जागच्या जागी. मग तो म्हणाला, एक मिनिट, आणि मला बाजूला करून दुर्बीण थोडी फिरवली. कुठे ते सांगितले नाही. स्क्रू आवळला.

“आता काय दिसतंय?”

मी घाई केली नाही. सरळ पाहिले, मग नजर जरा बाजूला ठेवून पाहिले, फिकट वस्तू तशाच पाहतात. नऊ तारे. प्रत्येकाभोवती तेजोमेघ, डावीकडे दाट, वर विरळ, कृत्तिकांपेक्षाही सुरेख. चार मिनिटे वर्णन केले, विशेषणांसह. मऊ पेन्सिलीने चित्र काढले आणि बोटाने पुसून धूसरपणा आणला. ते मला छान जमते. मग विचारले, हिचा यादीत क्रमांक कितवा? म्हणजे बहात्तर म्हणून लिहून टाकते.

“याला क्रमांक नाही, मॅडम,” सर्व्हेयर म्हणाला. “हा कोरा तुकडा आहे. इथे नुसते तारे आहेत.”

खाणीत एक बेडूक आहे. तो नेमका तेव्हा ओरडला.

मग दंतवैद्य म्हणाला, काकू, चहा आहे का थोडा? पुन्हा काकू. मी चहा ओतला. अर्धा कपात पडला, अर्धा त्याच्या बुटात.

१४ जानेवारी

हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न होता. पूर्वसूचना नाही, गुणपद्धती जाहीर नाही. माझ्या मंडळात असा पेपर निघाला असता तर काढणाऱ्याला मी नोटीस दिली असती.

(पेपर तपासनिसांची निवड करताना मी स्वतः गठ्ठ्यात एक पूर्ण कोरी उत्तरपत्रिका घालत असे. एका वर्षी तिघांनी तिला पास केले होते. तिघांनाही घरी पाठवले. पण तो वेगळा मुद्दा.)

राजीनामा लिहायला घेतला. इंग्रजीत. राजीनामा इंग्रजीतच शोभतो. तीन मसुदे झाले. सत्तरीला टेकलेल्या बाईला अकरा माणसांसमोर खोटारडी ठरवणे, एवढे एकच वाक्य तिन्हींत राहिले.

१५ जानेवारी, रात्र

मसुदा ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी पेपर खाली ठेवला, हीच मोठी गोष्ट.

“एक तर तू खोटं बोललीस,” हे म्हणाले, “नाही तर तुला दिसत नाही. आणि चाळीस वर्षांत तुला खोटं बोलताना मी पाहिलं नाही. माणसाला नको होतं तेव्हासुद्धा खरंच बोललीस.”

लग्नापासून ह्यांनी माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. आणि त्यातही मी आंधळी.

जेवले नाही. नंतर गाजर खाल्ले.

१९ जानेवारी

सूनबाईच्या दुकानात गेले. स्वतःहून. वाटेत होते म्हणून.

खुर्चीत बसवले, हनुवटी लोखंडी पट्टीवर टेकवायला लावली. मी तिला बजावले, आई म्हणून नाही, उमेदवार म्हणून तपास. तिने खूप वेळ पाहिले. मग उठून खिडकीचा पडदा सरकवला. बाहेर रस्त्यावरचा दिवा नुकताच लागला होता.

“आई, त्याच्याभोवती काय दिसतं?”

मी सांगितले, परातीएवढे वर्तुळ. पालिकेला लिहिले आहे.

“मला नुसता दिवा दिसतो,” ती म्हणाली. हळू म्हणाली. मी तिच्या जागी असते तर हळू म्हणाले नसते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा चांगलाच पिकलेला, आणि दुर्बिणीला मी उजवाच लावते. भिंतीवरची चौथी ओळ आली नाही. एकतीस वर्षांत कोणी परीक्षेत नापास झाले की मी त्याला सांगत असे, रडून गुण वाढत नाहीत. खरे आहे, वाढत नाहीत.

राजीनाम्याचे तिन्ही मसुदे फाडले. खोटारडी नव्हे, म्हातारी. यातले कोणते बरे, हे अजून ठरत नाही.

२० जानेवारी

सर्व्हेयरला फोन केला. सकाळी नऊपासून करणार होते, संध्याकाळी सातला केला. सगळे सांगितले. वाटले, हसेल. म्हणाला, फक्त कृत्तिकांची नोंद काढू, बाकीच्या राहू द्या. मोठे गुच्छ तर तुम्हाला दिसलेच असणार. मी म्हणाले, असतील, पण कोणते, ते मलाही सांगता येणार नाही. संशयास्पद उत्तरपत्रिका पूर्ण रद्द होते. नियम माझाच आहे.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. तो कोरा तुकडा तो प्रत्येकाला दाखवतो. दंतवैद्याला तिथे सर्पिल दीर्घिका दिसली होती, फाट्यांसह. त्याने डोळे तपासून घेतले. उत्तम निघाले.

रात्री बरे जेवले.

२१ जानेवारी

वही काढून लाल पेनाने एकाहत्तर वेळा ‘रद्द’ लिहिले. चित्रे चांगली होती. विशेषतः बहात्तरावे.

२८ जानेवारी

उजव्या डोळ्याचे ऑपरेशन. वीस मिनिटे. डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढी. आत सूचना करायच्या नसतात, असे तिने मला दोनदा सांगितले.

३० जानेवारी

पट्टी काढली. वर्तमानपत्राची शाई परत आली. रस्त्यावरचे दिवे एका रात्रीत दुरुस्त झाले. खात्याला आभाराचे पत्र लिहावे का? नको.

१२ फेब्रुवारी, सकाळ

काल खाणीवर गेले. थर्मास घेऊन. हे मागच्या सीटवर. आतला दिवा आठवणीने बंद केला, मी.

आकाश स्वच्छ. उजवा डोळा लावून कृत्तिका पाहिल्या. निळसर, टोकदार, नुकत्या टाचलेल्या. आजूबाजूला काळे. नुसते काळे. एवढे काळे मी किती वर्षांत पाहिले नव्हते, देव जाणे. सर्व्हेयरने दुर्बीण थोडी फिरवली.

“आता?”

“तारे आहेत,” मी म्हणाले. “बाकी काही नाही.”

त्याने माझी वही घेतली, नव्या पानावर माझेच वाक्य लिहिले आणि खाली सही केली. कोऱ्या तुकड्याचा पेपर पास. नोंदी शून्य, उरल्या शंभर. मार्चच्या आत शक्य नाही. पुढच्या मार्चच्याही आत कठीण दिसते. किल्लीच्या रिंगला थर्मासचे झाकण अडकवले आहे, ते नेहमी हरवायचे.

सगळ्यांना चहा दिला. दंतवैद्याला साखर दोन चमचे लागते. आठवणीने तीन घातली. त्याचा धंदाच आहे तो.

डाव्या डोळ्याचे पुढच्या महिन्यात. सूनबाईने तारीख घेऊन ठेवली आहे.

निघताना सगळे खुर्च्या आवरत होते. मी पुन्हा दुर्बिणीपाशी गेले, कृत्तिका लावल्या, उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिले.

तेजोमेघ आहे अजून. मलमलीसारखा. फार सुंदर.

वहीत लिहिले नाही.