आधी झिरो दाखवा

१२ जानेवारी २०२५

शहाण्णव लिहून टाकलं. झालं!

खतकंपनी आम्हा दुकानदारांना आफ्रिकेला नेणार आहे – हत्ती, सिंह, जिराफ. खप चांगला झाला म्हणून. एका दुकानाला दोन जागा. सरू पहिल्याच दिवशी म्हणाली, "त्या इमानाच्या डबड्यात मी बसायची न्हाई. रशीदभाईंना न्या." बायकोनं स्वतःहून मोकळं सोडलं, आणखी काय पाहिजे!

पण जंगलात जायचं ते विमान बारा खुर्च्यांचं. फॉर्मवर रकाना – प्रवाशाचं वजन. शंभराच्या वर असेल त्याला दोन खुर्च्या लागतील म्हणे. म्हणजे दोन्ही मीच खाणार, आणि रशीद पाटसलाच!

म्हणून कापली. उसाच्या वजनातून पाचटाची घट कापतात, तशी मी माझी घट कापली. चाळीसेक किलो. तेवढं पाचट अंगावर आहेच की.

१३ जानेवारी

दुकान पोरावर सोडून पाटसला जाऊन आलो. रशीदला सांगितलं. आधी विश्वासच बसेना, मग पासपोर्ट कुठं काढतात ते विचारायला लागला.

शाळेपासूनचा दोस्त. पंचवीस वर्षांपूर्वी उजवा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला, गुडघ्याखालून. बसून करायचं काम म्हणून हायवेच्या वजनकाट्यावर लागला, तो तिथंच आहे. खिडकीतून ट्रॉली बघतो, आकडा बोलतो, मग काटा बघतो. पन्नास किलोच्या वर चुकत नाही गडी.

"हौश्या, हत्ती सहा टनाचा असतोय म्हनं. एकदा नुसत्या नजरंनं अंदाज घ्यायचाय."

लोकांना ताजमहाल बघायचा असतो. याला हत्तीचं वजन!

त्याच्या पोरीनं, सनानं, तिथंच मोबाइलवर त्याचा फॉर्म भरून टाकला. मी चहा आणायला गेलो तेवढ्यात झालंसुद्धा.

१९ जानेवारी

पुण्यातल्या टूरवाल्या अनुपमा मॅडमचा फोन. "काका, एकाही खतवाल्याचं वजन शंभराच्या वर नाही, असं कसं हो? सगळ्यांनी खऱ्या काट्याची पावती पाठवा. पायलटला लागते."

घरचा काटा चार वर्षं मला एकच शब्द दाखवतो – एरर.

२० जानेवारी

रशीदच्या केबिनमागं कांद्याच्या गोण्या तोलायचा छोटा काटा आहे. त्यावर उभा राहिलो. पोट आत घेतलं. आकड्याला काही फरक पडला नाही.

एकशे एकेचाळीस!

म्हटलं, रश्या, पावतीवर शहाण्णव टाक. त्यानं चष्मा काढला. एवढंच केलं, पण मी काट्यावरून खाली उतरलो. सगळा तालुका सांगतो, रशीद काटा मारत नाही. एका मोळीचीसुद्धा लबाडी नाही.

"ट्रॉली पलटी झाली तर ऊस सांडतोय. हितं आपुन सांडू. लाज वाटती का न्हाई तुला?"

"तुझ्यासाठीच करतोय ना येड्या! खरं लिहिलं की तुझी जागा गेली."

"जाऊ दे. खोटं लिहून मी न्हाई यायचा."

मग त्याचं वजन. नकली पाय काढून भिंतीला टेकवला, खांबाला धरून चढला, मग हात सोडला. साडेबासष्ट. पायासकट का नाही करत म्हटलं, तर म्हणाला, "गाडी वेगळी, माल वेगळा." काटेवाला तो काटेवालाच! दोन्ही पावत्या हातात दिल्या आणि तोंड फिरवलं. चहा विचारला नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

मी पण बसलो नाही. राग आला होता. स्वतःचाच असेल, पण आला होता.

२१ जानेवारी

पावती बघून सरूनं एकच भाकरी वाढली. दुकानात जाऊन दोन वडापाव.

२४ जानेवारी

चार दिवस त्याचा फोन नाही. माझा पण नाही. अशानं हत्ती बघून तरी काय करू? कुणाला सांगू, बघ केवढा आहे म्हणून?

दोन्ही पावत्या पाठवल्या. खऱ्या. खाली लिहिलं – एकाचीच सोय होत असेल तर रशीद शेखला न्या.

लिहिताना बरं वाटलं नाही. हत्ती मलाही बघायचेत.

२९ जानेवारी

अनुपमाचा फोन! "काका, विमानवाल्यांना जाड माणसाचं काही नाही, खोट्या आकड्याचं वावडं आहे. तुम्हा दोघांचे मिळून दोनशे साडेतीन होतात. शेजारी बसा, मधला दांडा वर करून देतील, पट्टा लांब देतील. थोड्या बॅगा रस्त्यानं जातील."

म्हणजे दोन खुर्च्या आमच्याच. दीड माझी, अर्धी रशीदची!

रशीदला फोन केला. पलीकडून आधी शिवी आली, मग हसू. मी पण हसलो. डोळे पुसले, सरूनं बघितलं.

१७ फेब्रुवारी, केनिया

काय दिवस हा!

छोट्या विमानतळावर रांगेत सगळ्यांची वजनं. रशीद काट्याजवळ गेला आणि आडवा उभा राहिला. "आधी झिरो दाखवा." आमच्याबरोबर आलेल्या अनुपमानं पायलट बाईला समजावलं. ती बाई खूश! शून्य दाखवलं, वर शेकहँड केला.

मी चढलो. बरोबर एकशे एकेचाळीस. छाती फुगली, वजनाचा अभिमान पहिल्यांदाच वाटला.

मग रशीद. कागदावर साडेबासष्ट, काट्यावर साडेपासष्ट. तीन किलो जादा! रशीदचा आकडा चुकला? मग मला आठवलं. "पाय!" मी ओरडलो. त्यानं पँट वर केली.

अनुपमाचं तोंड उतरलं. "काका, फॉर्मवर पायाचं काहीच नाही! आधी कळलं असतं तर रॅम्प मागवला असता."

"पोरीनं भरला. ऱ्हाऊन गेलं आसंल."

विमानाला पाच पायऱ्या, अरुंद, धरायला एकाच बाजूला. त्याचा पाय दुसऱ्याच पायरीवर अडला. सगळे बघताहेत. त्याच्या कानाची पाळी लाल झाली.

"बस पाठीवर."

"मोडशील की."

"मोडलो तर तुझ्याखाली गादी आहेच."

चढलो बाबा. गुडघे बोंबलले, शिडी करकरली, पण साडेपासष्ट किलो आत नेऊन खुर्चीत ठेवले. मग उरलेल्या दीड खुर्चीत मी.

१८ फेब्रुवारी

हत्ती बघितला. रशीद बराच वेळ बघत राहिला. "पाच टन आठशे." तपासणार कोण?

संध्याकाळी तंबूबाहेर बसलो होतो. आपणहून बोलला. "तुला शिव्या घातल्या ना पावतीवरनं, त्याच्या आठ दिस आधीच माजा फॉर्म गेलता. चालायला अडचण हाय का, विचारलंतं. सनाला म्हनलं, 'न्हाई'वर दाब. पाय कळला आसता तर घरीच ठिवलं आसतं मला. पंचवीस वर्सांत एकदाच काटा मारला, हौश्या."

उद्या परत शिडी आहे. पाठ शेकून घेतली.