पोस्टात न घेतलेलं नाव

अहो,

प्रिय लिहायची सवय नाही, तेवढं चालवून घ्या.

काल तुमच्या थोरल्या भावाकडून, दादांकडून दिवाळीचं आलं. साडी एक, साडेचारशेची, किमतीची चिठ्ठी तशीच. चिवडा अर्धा किलो. वर निरोप, "शोभा, हर्सूलला वरचा मजला झाला. एक खोली तुला ठेवलीय. भाडं नको देऊ, लाईटबिल तेवढं भरत जा." लई मोठं मन. म्हणून आज लिहायला बसले.

तो मजला कोणाच्या पैशावर चढला, ठाऊक आहे का तुम्हाला?

लग्नानंतर आपण पोस्टात दोन खाती उघडली, एक तुमचं, एक माझं, पंधरा वर्षांची. दोन्हींचे पैसे एकत्र करून पुंडलिकनगरात फ्लॅट घ्यायचा, हे ठरलेलं. तेवढ्यासाठी उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत मी बिनदुधाचा चहा प्यायला शिकले. दर लक्ष्मीपूजनाला दोन्ही पासबुकं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं होतं, तुमच्यामागं पैसे कोणाला द्यायचे? मी तुमचं नाव लिहून दिलं. तुमच्याशेजारी दादा उभे. थोरल्या भावापुढं बायकोचं नाव घ्यायला लाजलात तुम्ही! दादांचंच सांगून मोकळे झालात. बाहेर आल्यावर मी बोलले, तर म्हणे, "लई वकिली करतीस. दादा काय परका हाय का? बदलू की नंतर." ते नंतर कधी आलं का हो?

तुम्ही गेलात, पैसे दादांच्या हाती गेले. मागायला गेले तर म्हणाले, "त्यानं माझं नाव लावलं, काही विचार करूनच लावलं असंल ना?" विचार कसला, लाज होती ती. पण हे कोण ऐकणार?

लग्नात मात्र सगळ्या बायकांपुढं उखाण्यात माझं नाव घेतलंत. तिथं काही खर्च नव्हता.

यंदा पाटावर एकच पासबुक होतं. देवीला हात जोडले, मागितलं काही नाही.

वकीलबाई म्हणतात, नाव लावलेला माणूस पैसे नुसते घेतो, त्यानं तो मालक होत नाही. म्हणजे कोर्ट. मी जाणार. माझ्या एकटीच्या खात्यातल्या पैशांत फ्लॅटचं स्वयंपाकघर तेवढं येईल, तरी तो फ्लॅट मी घेणार, हे वचन. दारावरच्या पाटीवर तुमचं नाव घालायचं का, ते अजून ठरवलेलं नाही.

तोवर एक करा. दादांच्या स्वप्नात जा आणि त्यांच्यासमोर एकदा माझं नाव घ्या. जमेल की नाही, उलट टपाली कळवा.

शोभा